रविवारी अकराच्या आत

मायामीला मी पहिल्यांदा गेले ती धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी. डिंक, आळीव, बाळंतशेपा सगळं बरोबर नेलं होतं. पण ओले नारळ आणि कच्ची केळी काही बॅगेतून नेता येत नाहीत. शेजारच्या बाई म्हणाल्या, लिटल हैतीत जा, तिथे मिळतील. बसने पाऊण तास लागला. केळी मिळाली. नारळवाल्याने एकेक नारळ कानाशी हलवून निवडून दिला. जड पिशवी घेऊन परतीच्या थांब्याकडे निघाले, तर वाटेत एका उघड्या दारातून लसूण, व्हिनेगर आणि तळणीचा मिळून असा वास आला की पाय तिथेच थबकले. दुपारचा दीड वाजला होता आणि मी सकाळपासून नुसत्या चहावर होते.

या पुस्तकात ज्या खाणावळींबद्दल लिहिलं आहे त्यांतली ही पहिली. तिचं नाव मी देत नाही, कारण मालकीणबाईंनी तसं सांगितलं होतं आणि मी शब्द दिला होता. आत आठ-दहा टेबलं, भिंती निळ्या आणि लाल, म्हणजे हैतीच्या झेंड्याचे रंग. काचेच्या काउंटरमागे वाफेवर ठेवलेली मोठाली भांडी. माझ्यापुढच्या माणसाला बाईंनी विचारलं, "साक पासे?" तो म्हणाला, "नाप बूले." पुढे कळलं की पहिल्याचा अर्थ 'काय चाललंय', आणि दुसऱ्याचा शब्दशः अर्थ 'जळतोय', म्हणजे झकास चाललंय. भिंतीवरच्या फळ्यावर वीसेक पदार्थ होते. मी बोट ठेवलं तो नव्हता, दुसरा नव्हता, तिसराही नव्हता. "शेरी," बाई म्हणाल्या, "काय हवंय ते सांगू नकोस. आज काय आहे ते विचार."

त्या दिवशी ग्रियो होतं. थर्मोकोलच्या डब्यात तळाला पांढरा भात, त्यावर घट्ट काळसर डाळीसारखं काहीतरी, म्हणजे सॉस प्वा, घेवड्याच्या दाण्यांचा रस्सा. बाजूला तळलेल्या मांसाचे पाच-सहा तुकडे, केळ्याच्या तीन चपट्या चकत्या, आणि कोपऱ्यात कोबी-गाजराचा कीस व्हिनेगरमध्ये भिजलेला. मी आधी तो कीस चिमटीने तोंडात टाकला आणि डोळ्यांतून पाणी आलं. त्याला पिक्लिझ म्हणतात. त्यातली मिरची म्हणजे स्कॉच बॉनेटच्या जातीची गोल, सुरकुतलेली, सुगंधी आणि जहाल. हैतीच्या क्रेयोल भाषेत तिला 'पिमां बूक' म्हणतात, बोकडमिरची. पिक्लिझ नुसतं खायचं नसतं हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मांसाच्या तुपकट तुकड्यावर दोन-तीन काड्या ठेवून खाल्लं की तिखट, आंबट आणि चरबी असे एकमेकांना धरून बसतात की पुढचा घास आपोआप उचलला जातो. कोशिंबीर आणि लोणचं यांच्या मधली ही जागा आपल्या पानात रिकामीच आहे असं मला तेव्हापासून वाटत आलं आहे.

नंतर मी त्या खाणावळीत इतक्या वेळा गेले की बाईंनी एकदा मागच्या बाजूला, स्वयंपाकघरात येऊ दिलं. ग्रियोसाठी डुकराच्या खांद्याचं मांस घेतात. ते आधी लिंबू आणि आंबट संत्र्याच्या रसाने चोळून गरम पाण्याने धुतात, आणि हे धुणं टाळलेलं त्यांच्याकडे कुणाला चालत नाही. मग त्याला एपीस लावून रात्रभर मुरवतात. एपीस म्हणजे हिरवं वाटण: पार्सली, पातीचा कांदा, लसूण, थाइम, ढोबळी मिरची, बोकडमिरची, थोडी लवंग. माणसागणिक प्रमाण वेगळं. त्या खाणावळीत मिक्सर होता, तरी लसूण आणि लवंग बाई लाकडी पिलोंमध्ये, उखळीसारख्या खोल भांड्यात, कुटून घेत. मिक्सरने लसूण कडू होतो म्हणाल्या. माझी आजी सावंतवाडीला हेच म्हणायची, पाटा-वरवंट्यावर हात टेकून. मुरलेलं मांस त्याच्याच रसात मंद शिजवतात, रस आटला की तळतात, म्हणून ते बाहेरून कडक आणि आत धाग्याधाग्याने सुटतं.

केळ्याच्या चकत्यांना बानान पेझे म्हणतात, दाबलेलं केळं. हिरव्या केळ्याचे तिरपे जाड काप एकदा तळायचे, काढून दोन लाकडी पट्ट्यांत धरून दाबायचे, आणि मग मिठाच्या पाण्यात बुडवून परत तेलात सोडायचे. ओले काप उकळत्या तेलात! मी मागे सरकले. बाई हसल्या आणि पाणी कसं निथळायचं ते मनगटाच्या एका झटक्यात दाखवलं. मीठ आतपर्यंत जातं ते त्या पाण्यामुळे. आमच्याकडे राजेळी केळ्याचे काप रवा लावून करतात, पण पाण्यातून काढून परत तळायची ही युक्ती मी घरी नेली आणि तेव्हापासून सोडलेली नाही.

इथवर हे पाककृतींचं पुस्तक वाटेल. पाककृती यात आहेतच. पण त्या डब्यातल्या एकेका गोष्टीबद्दल मी जेव्हा विचारू लागले, तेव्हा उत्तरात प्रत्येक वेळी हैतीचा इतिहास येऊ लागला. तोही राजवाड्यांचा नव्हे, घराघरातला. आपण हैतीबद्दल वाचतो ते भूकंप झाला की, सरकार पडलं की. १२ जानेवारी २०१० च्या भूकंपाची छायाचित्रं आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतही आली होती, आणि माझ्या मनात हैती म्हणजे त्या ढिगाऱ्यांपलीकडे फारसं काही नव्हतं. त्याची मला आज लाज वाटते. त्या देशाने स्वतःबद्दल काय सांगितलं आहे ते ऐकायचं असेल तर त्यांच्या जेवणाला बसावं, असं मला मनापासून वाटतं, आणि हे पुस्तक त्यासाठीच लिहिलं आहे.

ग्रियोचंच घ्या. हैतीच्या खेड्यांत एके काळी काळी, लहानखुरी, काटक क्रेयोल डुकरं होती. पडेल ते खायची, उन्हापावसात टिकायची. आपल्याकडे शेळीला गरिबाची गाय म्हणतात, तसं तिथे डुक्कर म्हणजे घरची बँक: मुलांची फी, लग्न, मर्तिक, जे अंगावर येईल त्यासाठी एक विकायचं. १९७८ साली शेजारच्या डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये आफ्रिकन स्वाइन फीव्हर आला आणि पाठोपाठ हैतीत शिरला. तो उत्तर अमेरिकेतल्या वराहपालनापर्यंत पोचू नये म्हणून अमेरिकेच्या पैशाने आणि पुढाकाराने मोहीम निघाली, आणि १९८२-८३ मध्ये हैतीतली उरलीसुरली डुकरं, रोगी आणि निरोगी, सगळी मारण्यात आली. बदल्यात आयोवाहून पांढरी, धिप्पाड डुकरं आली. त्यांना विकतचं खाद्य हवं, स्वच्छ पाणी हवं, डोक्यावर छप्पर हवं. शेतकरी त्यांना 'चार पायांचे राजपुत्र' म्हणू लागले, कारण त्यांच्या स्वतःच्या मुलांना यातलं काही मिळत नव्हतं. ग्रियो राहिलं, पण ते ज्या डुकराचं व्हायचं ते गेलं. साठी उलटलेल्या एका गिऱ्हाइकाने मला सांगितलं की त्याच्या लहानपणी ग्रियोला वेगळी चव होती. हे सांगताना तो डब्यातल्या तुकड्याकडे बघत होता, माझ्याकडे नाही.

त्याच्याखालच्या भाताची गोष्ट याहून साधी आणि मला विचाराल तर याहून कडवट आहे. आर्तिबोनित नदीच्या खोऱ्यात हैतीचा तांदूळ पिकतो. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत देशाची बरीचशी गरज तिथूनच भागत होती. मग आयात खुली झाली, आणि १९९५ मध्ये तांदळावरचा आयातकर तीन टक्क्यांवर आणला गेला. अमेरिकेतला सरकारी मदतीवर पिकलेला तांदूळ बंदरात येऊन पडू लागला. हैतीत त्याला 'दिरी मियामी', मायामीचा तांदूळ, म्हणतात. त्या भावात आर्तिबोनितचा शेतकरी कसा टिकणार? मार्च २०१० मध्ये बिल क्लिंटन यांनी अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे सांगितलं की हे धोरण त्यांच्या आर्कान्सातल्या काही शेतकऱ्यांच्या फायद्याचं असेल, पण हैतीसाठी ती चूक होती. कबुली मोठी होती. खोऱ्यातली शेतं तिने परत आली नाहीत.

क्रेयोलमध्ये एक म्हण आहे: 'साक विद पा कान्पे', रिकामं पोतं उभं राहत नाही. आपल्याकडच्या कितीतरी म्हणी अशाच उपाशी पोटातून आलेल्या आहेत, म्हणून ती समजायला मला भाषांतर लागलं नाही.

माणसं हैती सोडून मायामीला आली ती आधी दुव्हालिए बापलेकांच्या हुकूमशाहीतून. ती १९५७ पासून १९८६ पर्यंत चालली. १९७२ च्या डिसेंबरात पासष्ट हैतीयन माणसांना घेऊन एक लाकडी होडी पॉम्पानो बीचला लागली. मग होड्या येतच राहिल्या. ज्या वस्तीत ही माणसं स्थिरावली तिचं जुनं नाव लेमन सिटी. विटर ज्युस्त या हैतीयन कार्यकर्त्याने वर्तमानपत्राला लिहिलेल्या पत्रात तिला 'लिटल पोर्ट-ओ-प्रिन्स' म्हटलं. संपादकांना ते लांब वाटलं आणि छापताना 'लिटल हैती' झालं. शहराने हे नाव अधिकृतपणे मान्य करायला २०१६ साल उजाडलं. सेकंड अव्हेन्यूवरून चालत गेलात तर कॅरिबियन मार्केटप्लेसची रंगीत कमान दिसेल. पोर्ट-ओ-प्रिन्सच्या जुन्या लोखंडी बाजाराच्या धर्तीवर ती बांधलेली आहे. शेजारीच लिब्रेरी मापू हे क्रेयोल आणि फ्रेंच पुस्तकांचं दुकान. आजूबाजूच्या भिंतींवर सर्ज तूसें या चित्रकाराने रंगवलेल्या पाट्या आणि माणसं. जेवण झालं की मी त्या पुस्तकांच्या दुकानात जाऊन बसत असे.

पुस्तकातलं सगळ्यात लांब प्रकरण बायकांवर आहे, आणि ते लांब झालं याची मला खंत नाही. हैतीत शेतातला माल गावातून बाजारात आणि बाजारातून शहरात नेण्याचं काम पिढ्यानपिढ्या बायका करतात. डोक्यावर टोपली, ट्रकच्या टपावर गोणी, कमरेला पैशाची पिशवी. त्यांना 'मादां सारा' म्हणतात. हे नाव एका पक्ष्याचं आहे. पिवळा-काळा, थव्याने राहणारा, दिवसभर कलकलाट करणारा, आणि झाडाला गवताची घरटी विणून टांगणारा. आफ्रिकेतून त्या बेटावर आलेला हा पक्षी आपल्या सुगरणीच्या कुळातला आहे. हे कळलं त्या रात्री मला झोप आली नाही. त्यांच्या भाषेने धान्य शोधत हिंडणाऱ्या, गलबला करणाऱ्या पाखराचं नाव व्यापार करणाऱ्या बाईला दिलं. आपल्या भाषेत त्याच कुळातल्या पाखराला आणि उत्तम स्वयंपाक करणाऱ्या बाईला एकच नाव आहे. काउंटरमागच्या त्या बाई दोन्ही होत्या. पोर्ट-ओ-प्रिन्सला त्यांची आई मादां सारा होती. त्या स्वतः पहाटे चारला उठून शंभर माणसांचं जेवण रांधत होत्या. मी त्यांना मोबाइलवर सुगरणीच्या खोप्याचं चित्र दाखवलं आणि आमच्या भाषेत याचा दुसरा अर्थ काय ते सांगितलं. त्यांनी हात पुसले, चित्र मोठं करून पाहिलं आणि आत हाक मारून सगळ्यांना बोलावलं.

उत्तर हैतीतल्या पदार्थांचं प्रकरण लिहिताना मी कोकणातली म्हणून थोडी रेंगाळले आहे. काप-आयसियां शहराच्या बाजूला कोंबडी काजू घालून करतात, 'पूल आक न्वा'. काजू मूळचा ब्राझीलचा. पोर्तुगीजांनी तो सोळाव्या शतकात गोव्यात आणला आणि आमच्या डोंगरांवर पसरला. एकाच झाडाची ही दोन टोकांची दोन घरं. त्या रश्श्यात अख्खे काजू शिजून मऊ झालेले असतात, अगदी आमच्या ओल्या काजूच्या उसळीसारखे. त्याच भागातली जोन जोन नावाची काळी अळंबी वाळवून विकतात. ती खायची नसते. गरम पाण्यात भिजवायची, पाणी शाईसारखं काळं झालं की गाळून अळंबी टाकून द्यायची आणि त्या पाण्यात भात शिजवायचा. भात काळा होतो आणि त्याला मातीचा, पहिल्या पावसानंतरच्या जंगलाचा वास येतो. अळंबी महाग, म्हणून घरोघरी मॅगीच्या जोन जोन वड्याही वापरतात. चवीत फरक आहे, पण ज्या घरात आई दोन नोकऱ्या करते तिथे रविवारचा काळा भात वडीवरच होतो, आणि त्याला नावं ठेवणारी मी कोण? दक्षिणेकडच्या जेरेमीचं तोमतोम, म्हणजे नीरफणस उकडून पिलोंमध्ये कुटलेला गोळा, भेंडीच्या बुळबुळीत रश्श्यात बुडवून न चावता गिळतात. नीरफणसाचे काप खाऊन वाढलेल्या माणसाने एकदा ते जरूर करून बघावं.

शाकाहारी वाचकांसाठी एक सूचना इथेच करते. 'लेगीम' नावावरून भाजी वाटते आणि असतेही, वांगं, कोबी, गाजर, पालक घोटून केलेली, पण त्यात बहुतेक वेळा गोमांस किंवा खेकडा असतो. विचारून घ्यावं. अक्रा मात्र मागावं: अळकुडीच्या जातीचा मलंगा कंद किसून, एपीस घालून केलेली भजी. पावसाळी दुपारी ती खाताना मला घर आठवलं.

आता सूप. १ जानेवारी १८०४ रोजी गोनाईव शहरात जां-जाक देसालिन यांनी हैतीचं स्वातंत्र्य जाहीर केलं. गुलामांनी बंड करून, नेपोलियनच्या फौजेला हरवून मिळवलेलं ते स्वातंत्र्य. त्याआधी भोपळ्याचं दाट, पिवळंधमक सूप गुलामांनी रांधायचं आणि फ्रेंच मळेवाल्यांनी प्यायचं. रांधणाऱ्याने तोंडाला लावायचं नाही, असं हैतीत पिढ्यानपिढ्या सांगतात. स्वातंत्र्याच्या पहिल्या दिवशी ते सगळ्यांनी प्यायलं. देसालिन यांच्या पत्नी मारी-क्लेर हेरझ यांचं नाव या आठवणीत आदराने घेतात. तेव्हापासून दर १ जानेवारीला, जगात जिथे हैतीयन माणूस असेल तिथे, सूप जुमू शिजतं आणि शेजारीपाजारी वाटलं जातं. आपण दिवाळीचा फराळ पाठवतो तसं, पण त्यात एका शपथेची धग असते. २०२१ च्या डिसेंबरात युनेस्कोने सूप जुमूला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात जागा दिली. हैतीची ही पहिलीच नोंद. त्याच वर्षी जुलैत त्यांच्या राष्ट्राध्यक्षांची हत्या झाली होती आणि ऑगस्टमध्ये दक्षिणेत पुन्हा मोठा भूकंप झाला होता.

या स्वातंत्र्याची किंमत फ्रान्सने १८२५ मध्ये युद्धनौका उभ्या करून वसूल करायला घेतली: पंधरा कोटी फ्रँक, गेलेल्या मळ्यांची आणि गेलेल्या 'मालमत्तेची' भरपाई, ज्यात स्वतः ती माणसंही धरलेली होती. पुढे रक्कम नऊ कोटींवर आली, पण ती फेडायला कर्जं काढावी लागली आणि त्यांचे शेवटचे हप्ते १९४७ पर्यंत चालले. एवढं वाचल्यावर मी खाणावळीतल्या सूपचा वाडगा हातात घेतला तेव्हा तो मला जड लागला.

लिटल हैती आता आकसते आहे. ही वस्ती किनाऱ्यापेक्षा काही फूट उंचावर आहे, आणि समुद्र वर येतो आहे हे पैसेवाल्यांच्या ध्यानात आल्यापासून जमिनींना भाव आले आहेत. २०१९ मध्ये शहराने सुमारे अठरा एकरांच्या मॅजिक सिटी इनोव्हेशन डिस्ट्रिक्टला मंजुरी दिली. भाडी वाढली. मी दुसऱ्यांदा गेले तेव्हा पुस्तकातल्या दोन खाणावळी उत्तरेला, नॉर्थ मायामीकडे गेल्या होत्या. एकीच्या जागी कॉफीचं दुकान होतं, भिंतीवरचा निळा रंग अजून खरवडला नव्हता. या माणसांना एकदा समुद्राने आणलं आणि आता समुद्रामुळेच हलवलं जातंय. मला हे लिहिताना राग आहे, आणि तो मी पुस्तकातून काढून टाकलेला नाही.

ज्यांनी वाढलं, शिकवलं, माझ्या वहीत क्रेयोल शब्द स्वतःच्या हाताने लिहून दिले, त्यांची नावं त्यांच्याच इच्छेने इथे नाहीत. शब्दांचे उच्चार मी ऐकले तसे देवनागरीत लिहिले आहेत; चुकले असतील तर कान माझा चुकला. 'लाकाय' हा शब्द वारंवार येईल. त्याचा अर्थ घर. दुकानांच्या पाट्यांवर, आइस्क्रीमच्या डब्यांवर, बोलण्यात, सगळीकडे तो भेटतो.

लिटल हैतीत सूप जुमू बहुतेक खाणावळींत रविवारी सकाळी मिळतं, इतर दिवशी नाही. मी पहिल्या दोन रविवारी उशिरा पोचले आणि रिकामं पातेलं पाहून परतले. तिसऱ्या रविवारी साडेनऊला गेले. भोपळ्याच्या दाट रसात गोमांसाचे मऊ तुकडे, कोबी, गाजर, बटाटा, थोडी मॅकरोनी, आणि वर तरंगणारी एक अख्खी बोकडमिरची. ती फुटू द्यायची नसते. नुसता सुगंध उतरवायचा असतो. बाईंनी विचारलं, रोज एवढी केळी कुणासाठी नेतेस? मी बहिणीचं सांगितलं, बाळ बावीस दिवसांचं आहे म्हणाले. त्यांनी न बोलता दुसरा डबा घेतला, पळीने मिरची बाजूला सारली, मांसाचे तुकडे शोधशोधून त्यात घातले, झाकण लावून वर दोन रबरबँड चढवले. पैसे घेतले नाहीत. "तिला गरम असतानाच दे," म्हणाल्या, आणि मी धावत बसस्टॉपकडे निघाले. जाणार असाल तर अकराच्या आत जा.